दुसऱ्याच्या हातचं

शिंपी लोकांत एक अलिखित कायदा आहे. एकानं शिवलेल्या कपड्याला दुसरा हात लावत नाही. तुम्ही विजार घेऊन जा आणि कमरेत इंचभर सैल करून हवी म्हणा. तो ती उलटी करून शिलाई बघणार, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवणार आणि विचारणार, "कुठं शिवलीय?" आपण दुकानाचं नाव सांगितलं की विजार घडी होऊन आपल्या हातात परत. "मग तिथंच द्या की!" तो शिंपी गाव सोडून गेला, त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, हे सगळं सांगून झालं तरी समोरच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. "दुसऱ्याची शिलाई उसवायची म्हणजे जरा अवघडच असतंय." स्वधर्म आणि परधर्म यांच्याविषयी गीतेत जे सांगितलं आहे ते कुणी मनावर घेतलं असेल तर ते या मंडळींनी.

याच्या अगदी उलट तऱ्हा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांची. मोटार कुणाची, कुणी बसवली, कधी बसवली, ही चौकशीच नाही. हा गडी येतो, धोतर किंवा पँट जे असेल ते वर घेऊन उकिडवा बसतो, झाकण उघडतो, आत डोकावतो आणि पहिलं वाक्य उच्चारतो, "कुन्या गाढवानं जोडलीय ही?" मग ते गाढव, त्याचे गुरू आणि त्याचं खानदान यांचा उद्धार करत करत तासाभरात मोटार चालू करून देतो. कधीकधी ते गाढव म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा तो स्वतःच असतो, पण तो भाग वेगळा. पाणी पडायला लागतं.

आता माझ्यासारख्या रिकाम्या माणसाला प्रश्न पडतो तो असा. या दोघांत सज्जन कोण? पहिला आपल्या धंदाबंधूचा मान राखतो, त्याच्याविषयी वावगा शब्द काढत नाही आणि आपल्याला तंग विजारीत घरी पाठवतो. दुसरा धंदाबंधूची आई-बहीण काढतो आणि आपलं काम करून देतो. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रश्न मला कुठं भेटला नाही. त्या पुस्तकांत जो तो आपापलं कर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत आपणच करत असतो. दुसऱ्यानं अर्ध्यात सोडलेल्या कर्माचं काय करायचं, हे सांगायला कुणाला सवड झालेली दिसत नाही.

विजारीपुरताच प्रश्न असता तर मीही त्याला सवड काढली नसती. पण आमच्या दादाच्या पोटात एक पट्टा आहे.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. आयुष्यभर न्यू जर्सीत नोकरी केली आणि २०२२ साली निवृत्त होऊन वहिनींसह कोरेगावात, वाडवडिलांच्या घरात राहायला आला. कोरेगाव म्हणजे सातारा जिल्ह्यातलं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. कारण पुण्याच्या माणसाला कोरेगाव म्हटलं की कोरेगाव पार्क आठवतं आणि इतिहासाच्या माणसाला भीमा-कोरेगाव. आमचं कोरेगाव साताऱ्यापासून वीसेक किलोमीटर पूर्वेला, जरंडेश्वराच्या डोंगरापलीकडं, पुणे-मिरज लोहमार्गावर. वाघाच्या अंगावर असतात तसले पट्टे असलेला वाघ्या घेवडा हे इथलं वैभव. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून आम्ही तो थोडा अदबीनं शिजवतो.

तर पट्टा. दादा मूळचाच अंगानं भरलेला. त्यात अमेरिकेचं खाणं. वजन वाढत वाढत गुडघे, साखर आणि रक्तदाब या तिघांनी एकदम तक्रार केली, तेव्हा २००९ साली त्यानं तिकडं पोटात गॅस्ट्रिक बँड बसवून घेतला. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकोनचं एक कडं. कड्याच्या आतल्या अंगाला फुगा, फुग्याला बारीक नळी आणि नळीचं दुसरं टोक पोटाच्या कातडीखाली, स्नायूच्या आवरणाला टाके घालून बसवलेल्या एका छोट्या डबीत. कातडीवरून सुई घालून त्या डबीत मिठाचं निर्जंतुक पाणी भरलं की फुगा फुगतो, कडं आवळतं आणि माणसाला चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. पाणी काढून घेतलं की कडं सैल. सायकलच्या ट्यूबला वॉल्व्ह असतो ना, तसंच. दादाच्या पट्ट्यात सगळं मिळून सात मिलीलीटर पाणी होतं. म्हणजे चहाचा दीड चमचा. दीड चमचा पाण्यानं माणसाची भूक आवरता येते, हे आपल्या ऋषिमुनींना कळलं असतं तर निम्मी पुराणं लिहावी लागली नसती.

हे यंत्र काही आकाशातून पडलं नाही. युक्रेनमध्ये जन्मलेले कुझमाक नावाचे सर्जन न्यू जर्सीतच काम करत. त्यांनी १९८६ साली असा कमीजास्त करता येणारा पट्टा माणसाच्या पोटात बसवला. त्याच सुमारास स्वीडनमध्येही तसाच एक पट्टा निघाला. पुढं १९९३ साली बेल्जियममध्ये बेलाच्यू या सर्जननं तो पोट न फाडता, दुर्बिणीतून बसवून दाखवला. हे बेलाच्यू जन्मानं इथिओपियाचे, लहानपणी गुरं राखलेले. गुरं राखणाऱ्या पोरानं मोठेपणी जगाच्या खादाडीला दावं बांधावं, हे मला फार आवडलं. अमेरिकन सरकारनं २००१ साली त्याला परवानगी दिली आणि मग तिकडं पट्ट्याचा सुकाळ झाला. न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी २०१३ साली बसवून घेतला. तेव्हा दादानं मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, "अरे, गव्हर्नरच्या आधी चार वर्षं मी बसवलाय!"

एक विषयांतर करतो. या पट्ट्यानं येणाऱ्या संयमाचं श्रेय कुणाचं? आमची आजी चातुर्मासात एकभुक्त राहायची. तिचं कौतुक सगळी आळी करत असे. दादा बारा महिने चार घासांवर राहिला तर लोक म्हणाले, "त्याचं काय, त्याला मशीन बसवलंय." मला हा अन्याय वाटतो. कारण मशीन माणसाला वाटतं तितकं आंधळं नसतं आणि वाटतं तितकं हुशारही नसतं. त्याला फक्त घट्ट आणि पातळ एवढंच कळतं. कोरडी भाकरी, मोकळा भात, पाव, रेषा असलेलं मटण, हे दारातच अडतं. पण उसाचा रस, आइस्क्रीम, बासुंदी, तोंडात विरघळलेला साताऱ्याचा कंदी पेढा, ही मंडळी ओळखीच्या माणसासारखी पट्ट्यातून सरळ आत जातात. ज्वारीच्या भाकरीला बंदी आणि पेढ्याला पास! तेव्हा पट्टा असूनसुद्धा ज्यानं पेढ्याला नाही म्हटलं, त्यानं आजीइतकंच पुण्य मिळवलं असं माझं मत आहे. दादानं ते पुष्कळ वर्षं मिळवलं. नेहमी नाही, पण पुष्कळ.

विषयांतर संपलं. मुद्दा असा की हा पट्टा म्हणजे एकदा बसवला आणि विसरला, असं काम नाही. चश्म्याचा नंबर बदलतो तसा पट्ट्याचा बदलत राहतो. कधी अर्धा मिलीलीटर भर, कधी एक काढ. वजन स्थिरावेपर्यंत महिना-दोन महिन्यांनी आणि पुढं वर्ष-सहा महिन्यांनी कुणीतरी बघावंच लागतं. शस्त्रक्रिया तासाभराची, पण तिची वहिवाट जन्माची. आणि वहिवाटदार कोण, इथं घोडं पेंड खातं. ज्या सर्जननं दादाचा पट्टा बसवला ते निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेले. दादाच्या खिशात एक कार्ड असतं, पट्ट्याचं नाव आणि नंबर लिहिलेलं. पण पट्टा बनवणाऱ्या कंपनीचं काय झालं? हा जिन्नस २००६ पासून अ‍ॅलर्गनकडे होता. २०१३ साली तो अपोलो एंडोसर्जरी या कंपनीनं घेतला आणि २०१८ च्या अखेरीला रिशेप नावाच्या तिसऱ्याच कंपनीकडे गेला. दादा एका जागी बसून राहिला आणि त्याच्या पोटातल्या मालाचा मालक दोनदा बदलला. जमिनीचा असता तर सातबारा तरी काढता आला असता.

त्यातच फॅशन बदलली. जठराचा मोठा भाग कापून टाकून बाकीच्याची नळी करायची, ही स्लीव्ह नावाची शस्त्रक्रिया आली आणि पट्टा मागं पडला. अमेरिकेत आता पट्टे बसवतात त्याहून जास्त काढतात. आपल्याकडं तर पट्टा कधी फारसा रुजलाच नाही, स्लीव्ह आणि बायपास याच दोन गोष्टी चालल्या. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमदला मालवाहू विमानानं मुंबईच्या सैफी हॉस्पिटलात आणलं, तिचं वजन पाचशे किलोच्या आसपास होतं, तिच्यावर झाली तीही स्लीव्हच. तिचं येणं आणि तिची शस्त्रक्रिया सगळ्या पेपरांच्या पहिल्या पानावर होती. मे महिन्यात तिला अबूधाबीच्या हॉस्पिटलात हलवलं आणि सप्टेंबरात ती तिथं वारली, ही बातमी मला आतल्या पानावर सापडली. बसवण्याच्या दिवसाला फोटोग्राफर असतात. पुढच्या दिवसांना घरची माणसं असतात.

दादा कोरेगावात आला तेव्हा पहिलं वर्ष बरं गेलं. मग हळूहळू पट्टा घट्ट वाटायला लागला. असं का होतं, त्याची कारणं बरीच. पट्टा जागचा सरकतो, वरची पिशवी फुगते, अन्ननलिका सैलावते. आधी भाकरी अडली. मग आमटीत कुस्करलेली भाकरी अडली. मग घेवड्याची उसळ. रात्री आडवं झालं की घशाशी आंबट यायचं, म्हणून तो आरामखुर्चीत बसून झोपायला लागला आणि वहिनी शेजारी पाटावर बसून जाग्या. आमच्या वहिनी बोलक्या. अमेरिकेत राहूनही त्यांचं बोलणं कमी झालं नाही. पण त्या दिवसांत त्या एकच वाक्य बोलायच्या, "भाऊजी, ह्यांना कालपासून पाणीसुद्धा उतरत नाहीये हो."

आम्ही पट्टा सैल करणाऱ्याच्या शोधाला लागलो.

घरासमोरच्या ओट्यावर बसून मी फोन करत होतो आणि "बँड, बँड" असं ऐकून आळीतले एक आबा जवळ आले. "बँड पायजे व्हय? रहिमतपूरचा झकास हाय. पन लगीनसराईत मिळायचा न्हाई." मी त्यांना खरी हकीकत सांगितली. ती त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "मग त्यो वाजतो कधी?" मी म्हटलं, सध्या रोज रात्री.

पहिले डॉक्टर अतिशय सभ्य. त्यांनी दादाचे कागद पाहिले, क्ष-किरणाचा फोटो खिडकीकडं धरून पाहिला आणि म्हणाले, "फार सुबक काम आहे. पण ते त्यांचं काम आहे." मला एकदम विजार आठवली. दुसरीकडं सांगितलं, "आम्ही बँड बघत नाही. काढून स्लीव्ह करून घेणार का? पॅकेज आहे." म्हणजे जुनी विजार उसवणार नाही, नवी शिवा. तिसरीकडं डॉक्टरांपर्यंत पोचताच आलं नाही. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट आमचा आहे का?"

"आता होईल," मी म्हटलं.

"ऑपरेशन कुठं झालंय?"

"न्यू जर्सीला."

"मग फॉलोअप तिकडेच करावा लागेल, सर."

कोरेगावच्या स्टँडवरून न्यू जर्सीला रोज एस. टी. नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

दादा मात्र चिडला नाही. तो म्हणाला, "अरे, तिकडंसुद्धा असंच आहे. स्वस्तात पडतं म्हणून लोक मेक्सिकोत जाऊन पट्टा बसवून येतात आणि मग घराजवळचा सर्जन त्यांना दारात उभं करत नाही. मला तेव्हा वाटायचं, बरं झालं, स्वस्ताच्या मागं लागलेत." हे बोलून तो थोडा वेळ गप्प बसला. आरामखुर्चीतून जरंडेश्वराचा डोंगर दिसतो, तिकडं बघत.

आता डॉक्टरांची बाजू. ती नाही असं म्हणणं खोटं होईल. डॉक्टरी सेवेला ग्राहक कायदा लागू होतो असं सुप्रीम कोर्टानं १९९५ साली सांगितलं, तेव्हापासून प्रत्येक सुईबरोबर एक कागद फिरतो. दुसऱ्यानं चौदा वर्षांपूर्वी बसवलेल्या वस्तूला आपण हात लावायचा, आणि उद्या ती फाटली, सरकली, जठरात रुतली, तर नाव कुणाचं? शेवटचा हात ज्याचा त्याचं. गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं शेवटी बॅट ज्याच्या हातात त्यालाच पकडून देतात, तसंच हे. शिवाय ज्याला ज्यातलं कळत नाही त्यानं त्यात हात घालू नये, हा शहाणपणाच आहे. त्या डबीला साधी इंजेक्शनची सुई चालत नाही. साधी सुई तिच्या रबरी पडद्याचा बारीक तुकडाच कातरून काढते आणि पट्टा कायमचा गळका होतो. तिला हबर नावाची, टोकाशी जरा वळवलेली सुई लागते. हे ठाऊक नसलेल्या उत्साही माणसापेक्षा नाही म्हणणारा सभ्य माणूस बरा.

डॉक्टरांच्या वागणुकीचे २००२ सालचे नियम मी मुद्दाम काढून वाचले. त्यांत म्हटलं आहे की कुणावर उपचार करायचे हे ठरवायला डॉक्टर मोकळा आहे, मात्र तातडीच्या वेळी कुणी मदत मागितली तर त्यानं धावलं पाहिजे. आणि एकदा रोगी हाती घेतला की पुरेशी सूचना दिल्याशिवाय त्याला सोडता येत नाही. नियम उत्तम आहेत. पण ज्यानं हाती घेतला तो फ्लोरिडात, आणि जे कोरेगावाच्या आसपास आहेत त्यांनी हाती घेतलेलाच नाही. मधे दादा. कायद्याच्या दोन कलमांच्या मधली फट केवढी असते? साधारण एका आरामखुर्चीएवढी.

या दिवसांत मला सारखी मिरज आठवायची. मिरजेला माणसं दोन कामांसाठी जातात, दुखणं दाखवायला आणि तंबोरा दाखवायला. वॉनलेस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून दुखण्याची ख्याती, आणि तंतुवाद्यांची त्याहूनही जुनी. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या सासऱ्यांचा एक तंबोरा आहे. त्याची जवारी, म्हणजे घोडीचा तारेखालचा पृष्ठभाग, वाजवून वाजवून झिजते आणि मग आवाज बसतो. ती घासून पुन्हा जमवावी लागते. ज्यांनी तंबोरा बनवला ते कारागीर केव्हाच गेले. मी तो घेऊन दुसऱ्याच एका दुकानात गेलो होतो. त्या म्हाताऱ्या कारागिरानं 'कुणी केलाय' हे विचारलं खरं, पण विचारायची तऱ्हा वेगळी होती. भोपळ्यावर हात फिरवत, एखाद्या पाहुण्याला 'तू कुणाचा रे' विचारावं तसं. नाव ऐकल्यावर म्हणाला, "त्यांची जवारी जरा बंद असायची. तशीच ठेवू, का मोकळी करू?" म्हणजे दुसऱ्याचा हात त्याला दिसत होता, आणि त्या हाताचा मान राखूनच त्यानं कानस उचलली. शिंप्याचा मान आणि मोटारवाल्याचं काम, दोन्ही एका माणसात मी तिथं पाहिलं.

पण दादाच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती सुचल्यावर डॉक्टरांवरचा माझा निम्मा राग गेला, निम्मा वाढला. पट्टा आवळणं आणि पट्टा सैल करणं ही दोन कामं आपण एकच समजतो, कारण डबी तीच आणि सुई तीच. पण ती एक नाहीत. जो आवळतो त्यानं पुढं थांबलं पाहिजे. रात्री उलटी झाली तर फोन उचलला पाहिजे, महिन्यानं पुन्हा बघितलं पाहिजे. ज्याला एवढं थांबायचं नाही त्यानं आवळायला नकार दिला तर तो योग्यच. उलट त्यानं आवळून निघून जाणं हाच अपराध. सैल करणं मात्र निराळं. पाण्याचा घोट उतरत नसलेल्या माणसाचा फास ढिला करायला त्याचा पूर्वेतिहास आणि आपला भविष्यकाळ यांपैकी कशाचीच गरज नाही. हबर सुई ओळखता आली म्हणजे पुरे. दावणीला गाय फास बसून तडफडत असली तर गाय कुणाची हे विचारून आपण दावं सोडत नाही. आधी सोडतो, मग विचारतो.

मुलांना वळण लावण्यापासून सून सासरी रुळवण्यापर्यंत आपल्याकडं जी आवळाआवळ चालते, तिलाही हे लावून बघावं असं मला वाटतं. आवळायला येणाऱ्या आत्या-काकांची घरोघरी गर्दी असते, आणि ते दुपारच्या गाडीनं परत जातात. पण तो वेगळा निबंध होईल, आणि तो छापल्यावर मला आत्याकडं जेवायला जाता येणार नाही.

शेवटी काम झालं ते एका तरुण सर्जनकडं. गाव सांगत नाही, सांगितलं तर त्यांच्या दारात रांग लागेल आणि ते मला शिव्या देतील. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी कागद पाहिले नाहीत, दादाकडं पाहिलं. "पाणी उतरतंय का?" दादानं मान हलवली. "किती दिवस?" वहिनींनी सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा जरा बदलला. उलट्या लांबल्या तर ब-१ जीवनसत्त्व कमी पडून नसांवर परिणाम होतो, म्हणून आधी त्याचं इंजेक्शन दिलं. मग म्हणाले, "खरं सांगतो काका, मी बँड शिकताना पाहिलेत. बसवलेला एकही नाही. आवळायला सांगाल तर मी नाही म्हणेन. पण सैल करता येईल."

"सुई?" मी माझं ताजं ज्ञान पाजळलं.

ते हसले. कॅन्सरच्या रोग्यांना औषध द्यायला छातीत कातडीखाली असलीच डबी बसवतात, तिलाही हीच सुई लागते. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या केमोथेरपीच्या सिस्टरना सांगून एक मागवली. जिच्यासाठी आम्ही दोन जिल्हे पालथे घातले ती सुई एक जिना चढून मिळाली.

संध्याकाळी त्यांनी न्यू जर्सीच्या दवाखान्याला फोन लावला. तिथं तेव्हा सकाळ होती. कोण बोलतंय हे तिकडच्यांना समजायला थोडा वेळ लागला, पण रात्रीपर्यंत २००९ चा शस्त्रक्रियेचा कागद ईमेलनं आला. दुसऱ्या दिवशी दादाला टेबलावर झोपवून त्यांनी बोटांनी डबी चाचपली, क्ष-किरणाखाली खात्री केली आणि सुई घातली. सिरिंजमध्ये पाणी चढताना दिसत होतं. चार मिलीलीटर निघालं आणि ते थांबले. दादाला उठवून बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला. "सावकाश."

दादानं घोट घेतला. आम्ही सगळे त्याच्या गळ्याकडं बघत होतो. घाटी वर गेली, खाली आली. मग दुसरा घोट. तिसऱ्या घोटाला वहिनी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या.

पट्टा सरकलाय की नाही ते बेरियम पाजून नीट बघावं लागेल, बहुधा तो पुढंमागं काढावाही लागेल, आणि ते मोठ्या ठिकाणी करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यात त्यांनी काही साखर घातली नाही. दोन दिवस फक्त पातळ, भाकरीचं नाव नाही. दादानं विचारलं, "उसाचा रस?" डॉक्टरांनी त्याच्याकडं असं पाहिलं की प्रश्न परत घेतला गेला.

मग ते केसपेपर लिहायला बसले आणि बराच वेळ लिहीत राहिले. पट्ट्याचं नाव, नंबर, आधी किती पाणी होतं, किती काढलं, किती उरलं, कोणती सुई, किती लांबीची. शेजारी पेननं पोटाचं चित्र काढून डबी कुठं लागते तिथं फुली. ती जरा डावीकडं कलली आहे, सुई तिरपी घालावी लागते, हेही. विशेष म्हणजे हे सगळं मला वाचता येत होतं. डॉक्टरांचं अक्षर वाचता येण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग.

"एवढं सगळं कशाला, डॉक्टर?" दादा म्हणाला. "आम्ही तुमच्याकडंच येणार की."

"माझी बदली होऊ शकते," ते म्हणाले. "पुढच्याला शोधत बसायला नको."

वहिनींनी तो कागद स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतला. झेरॉक्सवाल्यानं चित्रातल्या फुलीकडं बघून विचारलं, "प्लॉटचा नकाशा हाय काय, काकू?" आता तो घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यामागं ठेवलेला असतो.